दवंडी ते टेलिप्रॉम्प्टर : लिहिलेले ‘बोलण्याचा’ इतिहास

#धागा #इतिहास #खानदेश

१/
यावलपासून मुंबईपर्यंत आज असंख्य तरुण मोबाइलवर टेलिप्रॉम्प्टरचे ॲप लावून निवेदने करतात : गावची सूचना, कार्यक्रमाची घोषणा, इतिहासाचा व्हिडिओ. शब्द एकही चुकत नाही, नजरही कॅमेऱ्यावर असते. तरी ऐकणाऱ्याला चौथ्या वाक्यालाच उमगते की हा माणूस बोलत नाही, वाचतो आहे. असे का होते, हे समजून घ्यायचे तर यंत्र जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून सुरुवात करावी लागते.

२/
दवंडी हे आपल्याकडचे सर्वांत जुने जाहीर निवेदन. वाद्यावर थाप पडे, ‘ऐका हो ऐका’ ही हाक उठे आणि मग दोन-तीन आखूड वाक्यांत निरोप सांगितला जाई. पुढच्या चौकात पुन्हा तेच. कागद नाही, सगळी भिस्त स्मरणावर. म्हणून निरोपाची घडणच स्मरणाला सोयीची : कोणाचा हुकूम, काय करायचे, कधी आणि कुठे. ‘दवंडी पिटणे’, ‘डांगोरा पिटणे’ हे वाक्प्रचार आजही त्या थापेची आठवण जपून आहेत.

३/
या आवाजामागची सामाजिक बाजू विसरता येत नाही. अनेक गावांत दवंडी देणे हे महार वतनाच्या सक्तीच्या कामांत मोडत असे. आवाज एकाचा, हुकूम दुसऱ्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच व्यवस्थेविरुद्ध. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडून निघतात तेव्हा बोलणाऱ्याचा त्यांवर अधिकार किती, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

४/
आता कागदाकडे वळू. मराठी राज्यकारभाराची लिपी मोडी. ती हात न उचलता झरझर लिहिली जाई. शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा नाही. असा कागद दरबारात मोठ्याने वाचायचा तर कारकुनाला तो आधी डोळ्यांखालून घालावाच लागे. शब्द कुठे तुटतो आणि वाक्य कुठे संपते, हे कागद सांगत नसे. ते वाचणाऱ्याच्या समजुतीतून येई. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे टेलिप्रॉम्प्टरपाशी ती पुन्हा भेटणार आहे.

५/
एकोणिसाव्या शतकात छापखाना रुजला आणि मराठीत विरामचिन्हे आली. त्याचे श्रेय प्रामुख्याने मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात सहभागी असलेले हेच ते कँडी. स्वल्पविराम आणि पूर्णविराम आपण शाळेत व्याकरण म्हणून शिकतो. मोठ्याने वाचणाऱ्यासाठी मात्र त्या कंठाला दिलेल्या सूचना आहेत : इथे किंचित थांब, इथे श्वास घे, इथे स्वर वर जाऊ दे.

६/
डिसेंबर १९३६. यावल तालुक्यातील फैजपूर. काँग्रेसचे पन्नासावे आणि ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन इथे झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, ‘तिलकनगरा’ची कलात्मक सजावट नंदलाल बोस यांची, स्थानिक उभारणीत धनाजी नाना चौधरी अग्रभागी. साने गुरुजींनी अधिवेशनाचा निरोप घेऊन खानदेशातील खेडी पालथी घातली. समोर श्रोता कोण? बहुतांश शेतकरी. छापील प्रस्ताव त्याच्या हाती देऊन भागणारे नव्हते, त्याच्या कानापर्यंतच पोचावे लागणार होते.

७/
तोवर मोठ्या राजकीय सभांत ध्वनिक्षेपक रुळू लागला होता. त्या काळातील नेत्यांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी दिसते, ती मोटवानी कुटुंबाच्या कंपनीची. या उपकरणाने वक्त्याची गरजच बदलली. शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकण्याची आवश्यकता उरली नाही. हळू बोलणे, मधेच थांबणे, स्वर खाली आणणे शक्य झाले. पण त्याबरोबर कागदाची सळसळ आणि वाक्याच्या मध्यात तुटलेला श्वासही मोठा होऊन ऐकू येऊ लागला.

८/
त्याच १९३६ च्या जून महिन्यात देशाच्या नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. मुंबई केंद्र त्याआधीचे, २३ जुलै १९२७ चे. रेडिओचा निवेदक हा आपल्या इतिहासातील एक निराळाच वाचक. त्याच्या हातात कागद आहे, पण श्रोत्याला तो दिसत नाही. म्हणून त्याने समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलल्यासारखे वाचावे, ही अपेक्षा निर्माण झाली. सभेतली घोषणा हजारोंना उद्देशून असते. रेडिओवरची घोषणा प्रत्येक घरात एकेकट्याला उद्देशून असते.

९/
मग आला चेहरा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे ही वृत्तनिवेदकांची नावे घरोघरी पोचली. यातील स्मिता पाटील यांचे घराणे खानदेशातील शिरपूरचे. सुरुवातीच्या काळात टेबलावर बातम्यांचे कागद असत. खाली पाहायचे, वाक्याचा पल्ला डोळ्यांत साठवायचा, मान वर करून प्रेक्षकाकडे पाहत तो पुरा करायचा. त्या पिढीचे कसब या उठत्या-झुकत्या नजरेत होते.

१०/
या कसबाचा एक फायदा सहसा ध्यानात येत नाही. कागदावर अख्खा परिच्छेद समोर असतो. वाक्याचा शेवट कुठे आहे, पुढची बातमी आनंदाची की दुःखाची, हे डोळ्यांच्या कडेने आधीच कळते. मान खाली घालण्याने प्रेक्षकाशी नजर तुटते हे खरे. पण अर्थाशी नाते तुटत नाही. टेलिप्रॉम्प्टरने नेमका याच्या उलट सौदा केला.

११/
हे यंत्र अमेरिकेचे. नट फ्रेड बार्टन यांना संवाद आठवून देणारे साधन हवे होते. अभियंता ह्युबर्ट श्लाफ्ली आणि आयर्व्हिंग काहन यांच्या साथीने ते साकारले : ठळक अक्षरांतील कागदाची गुंडाळी आणि ती सरकवणारी विजेची मोटर. डिसेंबर १९५० मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेत ते प्रथम वापरले गेले. पुढे ‘आय लव्ह लुसी’चे निर्माते जेस ओपनहाइमर यांनी आरशाच्या साहाय्याने मजकूर थेट भिंगासमोर आणण्याच्या रचनेचे पेटंट घेतले.

१२/
रचना सोपी आहे. कॅमेऱ्यापुढे पंचेचाळीस अंशांत तिरकी काच. खाली पडदा, त्यावर आरशातल्यासारखी उलटी अक्षरे. काचेत ती सुलट दिसतात. काचेमागे काळे आच्छादन. कॅमेऱ्याला अक्षरे दिसत नाहीत, केवळ चेहरा दिसतो. १९५२ मध्ये शिकागोतील रिपब्लिकन अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी ते वापरले आणि राजकारणात त्याचे नाव झाले. त्याच वर्षीच्या प्रचारात आयझेनहॉवर बोलत असताना मजकूर पुढे सरकेना, तेव्हा त्यांची चिडचिड थेट श्रोत्यांच्या कानी गेली.

१३/
आयझेनहॉवर यांच्या त्या फजितीतला धडा आजही तोच आहे : यंत्राने माणसामागून चालावे, माणसाने यंत्रामागून नव्हे. चांगला चालक निवेदकाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून मजकूर सरकवतो. ॲपमध्ये हा चालक नसतो, बहुधा ठरावीक वेग असतो. मग निवेदक दुःखद वार्ताही त्याच गतीने वाचतो आणि आमंत्रणही. म्हणून आधी दोन-तीनदा मोठ्याने वाचून आपला स्वाभाविक वेग ओळखावा आणि यंत्र त्याहून किंचित संथ ठेवावे. सोबत कोणी असेल तर वेग त्याच्या हाती सोपवणे उत्तम.

१४/
डोळ्यांचीही एक गोष्ट. ओळ रुंद असली की बुबुळे डावीकडून उजवीकडे धावतात आणि वाचन पकडले जाते. ओळीत चार-पाचच शब्द ठेवावेत, अक्षर मोठे करावे, कॅमेरा थोडा दूर न्यावा. अंतर वाढले की बुबुळांची हालचाल दिसेनाशी होते. मोबाइलवर मजकूर भिंगाच्या अगदी जवळ असावा. तो पडद्याच्या तळाशी असेल तर प्रेक्षकाला वाटते, हा आपल्या छातीकडे पाहून बोलतो आहे.

१५/
इथवरचे नियम कोणत्याही भाषेला लागू. आता खास मराठीचे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. पडद्यावर एका वेळी तीन-चार ओळी दिसतात. लांब वाक्य सुरू करताना त्याचा शेवट ‘होणार आहे’ असा आहे की ‘होणार नाही’ असा, हे निवेदकाला अजून दिसलेलेच नसते. मग आवाज सपाट राहतो, कारण कुठे जायचे ते त्याला ठाऊक नाही. मोडी वाचणाऱ्या कारकुनाची अडचण काचेवर परतली ती अशी. उपायही तोच जुना : आधी वाचून अर्थ पक्का करणे आणि वाक्ये आखूड ठेवणे.

१६/
आकडे हा दुसरा सापळा. ‘३७’ पाहताना डोळ्याला आधी तीन दिसतो, जिभेला मात्र ‘सदतीस’मधल्या सातापासून सुरुवात करायची असते. ‘७९’ म्हणजे एकोणऐंशी : अंक सत्तरीतला, शब्द ऐंशीचा. चालत्या मजकुरात इथे हमखास अडखळायला होते. म्हणून टेलिप्रॉम्प्टरवर आकडे अक्षरांत लिहावेत. ‘२.५ लाख’ असे न लिहिता सरळ ‘अडीच लाख’ लिहावे. दीड, अडीच, पावणेदोन ही आपल्या भाषेची तयार मापे कानाला चटकन कळतात.

१७/
तिसरा सापळा लिपीतच आहे. ‘जग’ म्हणजे विश्व, आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा. लेखन एकच, ‘ज’चे उच्चार दोन. ‘च’ आणि ‘झ’ यांचेही तसेच. देवनागरी हा फरक दाखवत नाही, तो संदर्भातूनच कळतो. अनोळखी गावे, आडनावे आणि परकी नावे यांचे उच्चार आधी विचारून घेणे हा त्यामुळे नुसता शिष्टाचार राहत नाही, तो निवेदनाच्या विश्वासार्हतेचा पाया ठरतो. ज्याचे नाव चुकते, त्याच्यापुरती संपूर्ण घोषणाच चुकलेली असते.

१८/
आणि यावल-रावेरच्या तरुणांसाठी सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. या पट्ट्यातील बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो : केळी ‘केयी’ होतात, डोळा ‘डोया’ होतो. पडद्यावर ‘केळी’ दिसते, जिभेवर ‘केयी’ असते. चुकेन या धास्तीने अनेकांचा आवाज आखडतो आणि निवेदन कृत्रिम होते. प्रमाण उच्चार सरावाने येतो, तो अवश्य कमवावा. पण त्यासाठी बोलीची लाज धरण्याचे कारण नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती याच मुलखाच्या बोलीसह. अवघ्या महाराष्ट्राने ती आपली मानली.

१९/
गावापुरती सूचना असेल तर ती बोलीतच लिहावी आणि बोलीतच द्यावी. राज्यभरच्या श्रोत्यांसाठी असेल तर प्रमाण मराठीत. मात्र बोलायची भाषा लिहितानाच ठरवावी. पडद्यावर एक आणि तोंडात दुसरी असली की प्रत्येक शब्दाला मनात भाषांतर करावे लागते आणि चेहऱ्यावर तो ताण उमटतो.

२०/
आता एक प्रयोग. कार्यालयीन मजकूर असा असतो : ‘सर्व नळधारकांना कळविण्यात येते की, जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामास्तव मंगळवार रोजी सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील, याची नोंद घ्यावी.’ हाच मजकूर दवंडीच्या घडणीत :
‘मंगळवारी नळाला पाणी येणार नाही.
जलवाहिनीची दुरुस्ती आहे.
सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत पाणी बंद.
सोमवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.’
दुसरा मजकूर मोठ्याने वाचून पाहा. न ठरवताही तो बोलल्यासारखा वाटेल.

२१/
स्मरण, मोडीचा कागद, विरामचिन्हे, ध्वनिक्षेपक, रेडिओ, दूरदर्शन, टेलिप्रॉम्प्टर : या प्रत्येक साधनाने निवेदकाचे एखादे ओझे उतरवले. टेलिप्रॉम्प्टरने पाठांतराचे ओझे उतरवले आणि तुटलेली नजर परत मिळवून दिली. एक ओझे मात्र कोणत्याच साधनाने उतरवलेले नाही : आपण काय सांगत आहोत, हे सांगण्यापूर्वी स्वतःला कळलेले असणे.

२२/
दवंडी देणाऱ्याला हुकूम बदलण्याचा अधिकार नव्हता. त्याच्या पिढ्यांना ती सक्ती मोडून काढावी लागली. आज ॲप उघडणाऱ्या तरुणाला तो अधिकार आहे. न समजलेले वाक्य तो थांबवू शकतो, खटकलेला शब्द बदलू शकतो, चुकीची माहिती नाकारू शकतो. काचेवरचे शब्द कुणीही लिहिलेले असोत, ऐकणारा विश्वास ठेवतो तो बोलणाऱ्यावर. तो विश्वास पेलायचा असेल तर यंत्र सुरू करण्यापूर्वी मजकूर एकदा मान खाली घालून, शांतपणे, शेवटपर्यंत वाचावा.

धागा उपयुक्त वाटला तर निवेदन करणाऱ्या मित्रमैत्रिणींपर्यंत जरूर पोचवा. आपल्या गावात दवंडीचे शब्द आठवणारे कुणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याच आवाजात ते नोंदवून ठेवा.