ज्ञानाकडून कपटाकडे : इंग्रजीतील काही विशेषणांचा अर्थेतिहास

कपटवाचक शब्द मुळातही कपटवाचकच असावेत, अशी आपली सहज समजूत असते. इंग्रजीतील 'डिसीव्ह' हे क्रियापद या समजुतीस पोषक आहे. फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी 'पकडणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. फसविणे म्हणजे सापळ्यात धरणे. परंतु धूर्त मनुष्यास इंग्रजीत जी विशेषणे नित्य लावली जातात, त्या 'कनिंग', 'क्राफ्टी', 'स्लाय' आणि 'आर्टफुल' या चारही शब्दांचा पूर्वेतिहास निराळाच आहे. एके काळी ते चारही गुणवाचक होते. त्यांचा अर्थापकर्ष कसा झाला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

'कनिंग' हे आज साहाय्यक क्रियापद म्हणून वावरणाऱ्या 'कॅन'चे जुने कृदंत होय. त्या धातूचा मूळ अर्थ 'जाणणे'. म्हणून 'कनिंग' म्हणजे जाणता. 'क्राफ्ट' या नामाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ सामर्थ्य व कौशल्य असा होता. जर्मन 'क्राफ्ट' आजही सामर्थ्यच दर्शवितो. 'स्लाय' हा स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या भाषेतून आलेला शब्द मध्ययुगीन इंग्रजीत निपुण मनुष्यासही लावीत. 'आर्टफुल' सतराव्या शतकात कलाकुशल या अर्थाने वापरला जाई. पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१८३७–३९) या कादंबरीत डिकन्सने तोच शब्द एका खिसेकापू पोराच्या टोपणनावात घातला.

या स्थित्यंतराचा एक बोलका पुरावा सतराव्या शतकाच्या आरंभी सापडतो. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात वीणावादकाच्या कौशल्याची प्रशंसा 'कनिंग' या शब्दाने केली आहे. १६१२ मध्ये बेकनच्या निबंधसंग्रहाची वाढीव आवृत्ती निघाली. तीत याच विषयावर एक निबंध आहे. तेथे 'कनिंग' म्हणजे वाकडे शहाणपण ठरते. इतकेच नव्हे, तर अशा मनुष्यात सचोटीप्रमाणेच खऱ्या योग्यतेचीही उणीव असते, असे बेकन सुचवितो. ज्ञानवाचक शब्दातून ज्ञानच वजा झाले! अर्थात् हा बदल एका वर्षात घडला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अनिष्ट अर्थ त्यापूर्वीच रूढ झाला होता. बायबलाच्या भाषांतरकारांनी सोळाव्या शतकातील भाषांतरांचा आधार घेतल्यामुळे त्यांच्या भाषेत जुना अर्थ टिकून राहिला.

याचे कारण काय? १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर विद्येचे प्रतिष्ठित शब्द फ्रेंच व लॅटिनमधून आले आणि देशी शब्दांच्या वाट्यास हलके अर्थ उरले, असे उत्तर सुचते. ते पुरेसे नाही. 'आर्टफुल'मधील 'आर्ट' स्वतःच लॅटिन कुळातला, तरी तोही घसरला. उलट 'स्किल' हा 'स्लाय'प्रमाणेच स्कँडिनेव्हियन असूनही 'स्किलफुल' निष्कलंक राहिला. तेव्हा शब्दाचे कूळ येथे निर्णायक नाही.

या ठिकाणी योस्ट ट्रिअर यांनी १९३१ मध्ये जर्मन बुद्धिवाचक शब्दांविषयी केलेले विवेचन उपयोगी पडते. १२०० च्या सुमारास 'कुन्स्ट' हे दरबारी विद्येचे आणि 'लिस्ट' हे त्याबाहेरील तांत्रिक कसबाचे नाव होते. शंभर वर्षांत 'लिस्ट' त्या क्षेत्रातून बाहेर पडला. आज त्याचा अर्थ कावा. प्रत्यक्ष ग्रंथांतील प्रयोग इतके रेखीव नाहीत, हा ट्रिअर यांच्यावरील आक्षेप रास्त आहे. तथापि शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन ग्राह्य वाटते. 'कुन्स्ट' आणि 'कनिंग' ही एकाच मुळाची अपत्ये. पण जर्मनीत एक 'कला' या पदावर चढले, इंग्लंडात दुसरे कपटात उतरले.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा. 'आर्ट' हे नाम प्रतिष्ठित राहिले, 'आर्टफुल' हे विशेषण घसरले. 'क्राफ्ट'लाही कपटाचा अर्थ चिकटला होता, तरी आज त्यातून प्रथम हस्तव्यवसायच सूचित होतो. 'क्राफ्टी' मात्र कपटीच. कौशल्य कृतीत दिसते तेव्हा समाज त्याचा गौरव करतो; तेच एखाद्याच्या स्वभावात आहे, पण त्याचा हेतू दिसत नाही, असे वाटताच समाज सावध होतो. आपल्या 'शहाणा' या शब्दाचा नुसता स्वर बदलला, तरी हाच संशय ऐकू येतो.

या इतिहासाचे महत्त्व केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. जुन्या इंग्रजी ग्रंथातील 'कनिंग' कारागिरास मराठीत 'धूर्त' म्हटले, तर त्या कारागिरावर विनाकारण आळ येतो. १९५२ च्या सुधारित इंग्रजी बायबलाने वीणावादकासाठी 'स्किलफुल' योजले, ते याच कारणास्तव होय. शब्दाचा आजचा अर्थ कालच्या लेखकावर लादू नये, ही दक्षता इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकांनी सारखीच बाळगावयास हवी.