गॅस बॉयलरचे आवरण (ब्रिटन)

घरातल्या रेडिएटरांना आणि नळांना गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरचा बाहेरचा पत्र्याचा डबा. तो दिसतो झाकणासारखा, पण ‘रूम-सील्ड’ जातीच्या अनेक बॉयलरांत तो ज्वलनकक्षाचाच भाग असतो. अशा बॉयलरला लागणारी हवा घराबाहेरून येते आणि जळालेला वायूही नळीवाटे बाहेरच जातो. खोलीतल्या हवेशी ज्वलनकक्षाचा संबंध येऊ नये ही जबाबदारी आवरणाच्या कडेने बसवलेल्या सीलपट्टीवर असते.

म्हणूनच खरा धोका आवरण उघडण्यापेक्षा ते नीट न बसवण्यात आहे. पट्टी चिरली, दबली किंवा एखादा स्क्रू ढिला राहिला की फट पडते. काही जुन्या बॉयलरांत पंखा बाहेरची हवा आवरणात ढकलतो, त्यामुळे आतला दाब खोलीतल्या दाबापेक्षा जास्त असतो. तिथे फटीतून कार्बन मोनॉक्साइड थेट घरात शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लक्षणे सर्दी-तापाची समजून माणूस झोपून राहतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे माणसे दगावतात तीही बहुधा याच वायूने.

ब्रिटनमध्ये १९९८च्या गॅस सुरक्षा नियमावलीनुसार गॅसचे काम सक्षम व्यक्तीनेच करायचे असते. स्वतःच्या घरालाही यात सूट नाही. धंदा म्हणून ते करणाऱ्याचे नाव ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये असावे लागते. १ एप्रिल २००९ रोजी या नोंदवहीने ‘कॉर्गी’ या आधीच्या नोंदवहीची जागा घेतली. उपकरणावर काम झाले की धुराची नळी, हवेचा पुरवठा, गॅसचा दाब किंवा उष्णतेचा भार आणि एकूण सुरक्षित चालणे तपासावे लागते. आवरण परत बसवल्यावर सीलही पाहतात.

सगळीच आवरणे मात्र ज्वलनकक्षाचा भाग नसतात. काही नव्या बॉयलरांत ज्वलनकक्ष आत वेगळा सीलबंद असतो आणि बाहेरचा पत्रा नुसता शोभेचा. नुसते पाहून हा फरक ओळखायला जाऊ नये. उत्पादकाची पुस्तिका वाचावी. थर्मोस्टॅट फिरवणे, रीसेटचे बटण दाबणे, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाण्याचा दाब वाढवणे एवढे घरच्यांना पुरे.

कारागीर आला की त्याचे ओळखपत्र मागावे आणि मागची बाजूही पाहावी. कोणत्या प्रकारचे काम करायला तो पात्र आहे, ते तिथे लिहिलेले असते.