टोपलीतला नाग, काचेतला अजगर

नागपंचमीला शिरूर-दौंडकडच्या गावांत गारुडी यायचे. टोपलीचं झाकण उघडायचं, पुंगी वाजायची, आयाबाया हळदकुंकू वाहून पैसे ठेवायच्या. नाग कुणाचा, हे कुणी विचारत नसे.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. अजगर पहिल्या अनुसूचीत गेला. पुढे पकडलेला रानटी प्राणी सरकारी मालमत्ता ठरू लागला. त्यामुळे भीमाकाठच्या उसात सापडलेला अजगर, कितीही फी भरायची तयारी असली तरी, हौसेसाठी घरी ठेवता येत नाही. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या मिरवणुकाही उच्च न्यायालयाच्या आदेशांनी थांबल्या.

मग शहरातल्या फ्लॅटमध्ये काचेच्या पेटीत बॉल पायथन कसा? तो आफ्रिकेचा, आपल्या कायद्याच्या यादीत नव्हताच. 2020 मध्ये केंद्राने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करायला सांगितलं. 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं.

हौसेच्या सापाला असा सरकारी रकाना मिळाला. टोपली गेल्यावर गारुड्याने खायचं काय, याचा रकाना मात्र त्या फॉर्ममध्ये नाही.