कुकमच्या थडग्यांना जाग येते तेव्हा

इंग्लंडमधल्या मेडनहेडहून मार्लोची गाडी धरा. एकेरी रुळावर फर्झ प्लॅट मागे पडतं आणि कुकम येतं. होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात शिरा. पायाखाली ओलं गवत, दोन्ही बाजूंना शेवाळलेले दगड, पलीकडे थेम्स. क्षणभर डोळे मिटा.

उघडाल तेव्हा साल १९५८. थडग्यांच्या मधोमध एक ठेंगणा म्हातारा चित्र रंगवतोय. सामान आणायला त्याच्याकडे लहान मुलाची जुनी बाबागाडी आहे. पाटीवर विनंती लिहिलीय: आवाराचं चित्र पुरं करायचंय, कृपया लक्ष विचलित करू नये. तुम्ही चवड्यांवर मागे सरता. हे स्टॅन्ली स्पेन्सर. १८९१ साली याच गावात जन्मले. लंडनच्या स्लेड कलाशाळेतले सोबती त्यांना ‘कुकम’ म्हणूनच हाक मारत, इतकी त्यांना घराची ओढ.

आणखी मागे चला. १९२६, लंडनमधलं हॅम्पस्टेड. खोलीत तेलरंगांचा वास आणि भिंतभर कॅनव्हास: अठरा फूट लांब, नऊ फूट उंच. त्यावर हेच आवार! पण हा ख्रिस्ती श्रद्धेतला पुनरुत्थानाचा दिवस; थडगी उघडलीयत. गावकरी उठताहेत, सावकाश, दुपारची झोप झाल्यासारखे. कुणी फूल हुंगतंय. पत्नी हिल्डा आयव्हीच्या वेलींवर पहुडलीय. खुद्द स्पेन्सर एका दगडाला टेकलेत. मागे नदीत सहलीची आगबोट. पहिल्या महायुद्धात मॅसेडोनियात या माणसाने मरण जवळून पाहिलंय. तरी चित्रात भय नाही, न्यायनिवाड्याची घाई नाही. स्वर्गात जायचं तेही त्या सहलीच्या आगबोटीनेच. ज्याला त्याला आपल्याच गावात जाग आलीय.

आता परत या. चित्र लंडनच्या टेटमध्ये आहे, बाबागाडी इथल्या स्टॅन्ली स्पेन्सर गॅलरीत. १८७५ साली गेलेले चित्रकार फ्रेडरिक वॉकर याच आवारात विसावलेत. आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी गेलेल्या स्पेन्सरांची रक्षा बेलरोप मेडोकडे जाणाऱ्या पायवाटेशेजारी आहे. वर साधासा दगड.

आपण अस्थी नदीत सोडतो, मागे खूण ठेवत नाही. तरी आळंदीला, इंद्रायणीकाठी, समाधीपुढे उभं राहिलं की माउली आत आहेत, असंच वाटतं ना? इथेही तुमचा आवाज आपोआप खाली येतो. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं, तसा.