रोबोटिक्स स्पर्धेत बचावाला महत्त्व
अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या शालेय स्पर्धेत प्रत्येकी तीन संघांच्या दोन आघाड्यांमध्ये सामना होतो. प्राथमिक सामन्यांतील साथीदार वेळापत्रकाने ठरतात. निर्णायक टप्प्यासाठी मात्र सहसा आठ आघाडीप्रमुख त्यांची निवड करतात. पहिली निवड अव्वल प्रमुखापासून, तर दुसरी उलट क्रमाने होते. निमंत्रण नाकारणाऱ्या संघाला अन्य आघाडीचे निमंत्रण स्वीकारता येत नाही. भरघोस गुण मिळवणारे रोबो आधीच निवडले जात असल्याने तिसरी जागा अनेकदा प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणाऱ्या भक्कम रोबोला मिळते. मात्र, संरक्षित क्षेत्रात धडक दिल्यास किंवा मर्यादेपेक्षा अधिक काळ अडवून धरल्यास दंडाचे गुण प्रतिस्पर्ध्यांना मिळतात. त्यामुळे गुणतालिकेत मागे असलेल्या, पण शिस्तबद्ध बचाव करणाऱ्या संघालाही विजेतेपदाची संधी असते.