दुसऱ्या कर्करोगाची मोजणी

१९४१ साली एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. २८ फेब्रुवारीला मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने आपल्या रहिवाशांतील प्रत्येक कर्करोगाची नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि मागे जाऊन १९३५ पासूनचे रुग्णही शोधून काढले. स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेल्या स्त्रीला पुढे नवा, स्वतंत्र कर्करोग होण्याची शक्यता किती, हे या नोंदवह्यांमुळेच विचारता आले. येथे जुना रोग उलटण्याचा प्रश्न नाही. दुसऱ्या स्तनात, गर्भाशयात किंवा फुप्फुसात नव्याने उगवलेल्या रोगाचा आहे.

संशय प्रथम किरणोपचारावर गेला, आणि तो स्वाभाविक होता. किरणांचा झोत कितीही नेमका रोखला तरी काही किरण विखुरतात आणि दुसऱ्या स्तनापर्यंत पोहोचतात. हिरोशिमा-नागासाकीनंतर तरुण स्तन-ऊती किरणांना किती संवेदनशील असते हेही कळले होते. बॉइस आणि हार्वे यांच्या गटाने १९३५ ते १९८२ या काळात निदान झालेल्या कनेक्टिकटमधील ४१,१०९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. १९९२ मध्ये आलेले उत्तर दुहेरी होते. दुसऱ्या स्तनातील कर्करोगांपैकी ३ टक्क्यांहून कमी कर्करोगांचे खापर किरणांवर फोडता येत होते. मात्र उपचाराच्या वेळी पंचेचाळिशीच्या आत असलेल्या स्त्रियांत धोका खरोखरच वाढलेला होता.

मग उरलेल्यांचे काय? काही कारणे वयात आणि सवयींत, काही रक्तातच. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे उंदरांच्या वंशावळींवर प्रयोग करीत स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध शोधीत होत्या. व. रा. खानोलकरांच्या या शिष्येने १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, तेव्हा डीएनएची रचनाही उलगडली नव्हती. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर ज्याची जागा दाखवली ते बीआरसीए-१ जनुक १९९४ मध्ये हाती आले. त्यातील दोष वारशाने आलेल्या स्त्रीला दुसऱ्या स्तनाचा आणि बीजांडकोशाचा धोका पुष्कळच जास्त असतो. तिने कोणता उपचार घेतला, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो.

२०२५ मध्ये इंग्लंडमधील ४,७६,३७३ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस वर्षांत १३.६ टक्के स्त्रियांना स्तनाबाहेरचा नवा कर्करोग झाला, पण सर्वसाधारण स्त्रियांच्या तुलनेत ही वाढ २.१ टक्के अंकांचीच होती. दुसऱ्या स्तनासाठी आकडा ५.६ टक्के, वाढ ३.१ अंकांची. बऱ्या झालेल्या अनेक स्त्रिया मनात याहून कितीतरी मोठा आकडा धरून जगत असतात, म्हणून हा हिशेब त्यांच्यापर्यंत पोहोचणे निकडीचे आहे. आणि धोक्याच्या भीतीने आवश्यक किरणोपचार नाकारणे हा तर उघड तोट्याचा सौदा.

भारतात मात्र हा आकडा इंग्लंडकडून उसना घेता येत नाही. येथे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दशकभर आधी गाठतो. म्हणजे कनेक्टिकटने ज्या वयोगटाविषयी सावध केले, तो येथे मोठा आहे. मुंबईची नोंदणी १९६३ ची, देशातील पहिली. बंगळूरूची १९८२ ची. दोन्हींत नोंद होते ती त्या-त्या क्षेत्रातील रहिवाशांची. म्हैसूरची एखादी स्त्री चाळिशीत परळला उपचार घेऊन घरी परतली, तर मुंबईच्या लोकसंख्येत ती मोजली जात नाही, आणि बंगळूरूच्या क्षेत्रातही ती बसत नाही. वीस वर्षांनी तिच्यात दुसरा कर्करोग आढळला, तर तो पहिल्याशी जुळवायचा कशावरून? लग्नानंतर बदललेले आडनाव, अंदाजाने सांगितलेले वय, बदललेला पत्ता, आणि घरच्या कपाटातील फाईल. बहुतेक वेळा ती फाईल हाच एकमेव दुवा असतो.