गावाने गिरवलेली अक्षरे

प्रौढ साक्षरतेचा इतिहास आपल्याकडे बहुधा सरकारी योजनांचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. नांदेड-लातूरकडे तो जरा निराळा वाचावा लागतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राजवटीत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ चे उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी अक्षर येऊनही कचेरीतला कागद परकाच राही. मग अक्षर कशासाठी? पोथीसाठी. चातुर्मासात देवळात एकजण वाची, बाकीचे ऐकत. निरक्षर माणूस ग्रंथाला पारखा नव्हता, हे आपण साहित्याचे अध्यापकच सोयीस्करपणे विसरतो.

१९५९ साली साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली. तिने या गावपणालाच हात घातला. शिकायचे ते एकेकट्याने नव्हे, अवघ्या गावाने. शिकवणार गावच्याच शाळेतले गुरुजी. आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ. लाज आणि अभिमान, दोन्ही सामुदायिक! मात्र समारंभानंतर वाचायचे काय, याचे पुरेसे उत्तर मोहिमेपाशी नव्हते. अनेकांची अक्षरे पुन्हा पुसली गेली.

शिवाय 'गाव' म्हणजे नेमके कोण? वर्ग देवळात किंवा चावडीवर भरला, तर गावकुसाबाहेरची बाई तिथे कोणत्या हक्काने बसणार? १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतरच्या संपूर्ण साक्षरता अभियानात एका स्वयंसेवकामागे दहाएक प्रौढ, अशी रचना आली. वर्ग वस्तीतल्या ओसरीवर भरू शकला, आणि शिकवणारी पुष्कळदा शेजारचीच शाळकरी पोर असे.